मुंबई ते कराची, साडेतीन तास

माझा थोरला भाऊ फाळणीच्या आधीच कराचीला एका कापडाच्या पेढीवर नोकरीला लागला होता. फाळणी झाली तसा तो तिकडेच राहिला. अम्मा नगर जिल्ह्यातल्या बेलापुरात माझ्याजवळ असायची. मी तिथल्या मुलींच्या शाळेत शिकवत होते.

त्याचं पत्र आलं. ‘अम्माला सांग, काळजी करू नको. आता विमान आहे. मुंबई ते कराची साडेतीन तास. बोलावलं की आलोच.’

“साडेतीन तास म्हंजे किती गं?” अम्मानं विचारलं.

“दुपारची जोहरची नमाज पढून निघालं, तर दिवस कलताना, असरच्या सुमाराला पोचतो माणूस.”

“मग लांब कुठं गेलाय त्यो?” अम्मा हसली आणि शेजारणींना हेच सांगत सुटली.

पुढच्या वर्षी तिनं अंथरूण धरलं. मी तार केली. उत्तर आलं, हिंदुस्थानात यायचं परमिट मिळत नाही, कचेरीतला कारकून रोज ‘उद्या या’ म्हणतो. मी ते वाचून दाखवलं. अम्मानं पडल्या पडल्या त्या कारकुनाला शिव्याशाप दिले. “त्याच्या आईला बी अल्ला असंच ताटकळत ठिवो.” पुढची दोन पत्रंही तशीच आली.

मग एक दिवस आमच्या आळीतला कापडवाला दारात आला. तो माल आणायला मुंबईला जायचा. म्हणाला, “तुमचा भाऊ भेटला की मुंबईत! मागच्या आठवड्यात. इमानानं आल्ता, पाच दिस हुता. मला वाटलं, हिकडं बी यिऊन गेला असंल.”

“कोन आलंय गं?” आतून अम्माचा आवाज आला.

“कुणी नाही,” मी म्हणाले.

त्या संध्याकाळी तिनं पत्र पुन्हा वाचायला सांगितलं. मी वाचलं, आणि कारकुनाच्या नावानं दोन ओळी माझ्या पदरच्या घातल्या. अम्मानं त्याला आणखी शाप दिले. आठ दिवसांनी ती गेली.

भाऊ चाळिसाव्या दिवसाच्या फातिहाला आला. परमिट खिशात होतं. मी ताट वाढलं. त्याचं जेवण होऊ दिलं आणि मग मुंबईच्या त्या खेपेचं विचारलं.

त्यानं ताट बाजूला सारलं. “मुंबईहून इथं यायला एक रात्र, परत जायला एक रात्र. पाच दिवसांत पेढीची कामं उरकायची होती. म्हटलं, पुढच्या खेपेला निवांत येऊ.” मग हळूच म्हणाला, “अम्माला कळलं होतं?”

“नाही.”

त्यानं सुटकेचा निःश्वास सोडला. तो मी ऐकला, आणि खरं बोलल्याचा मला पस्तावा झाला.

कब्रस्तान दाखवायला मी शेजाऱ्याला बरोबर दिलं, स्वतः गेले नाही. संध्याकाळच्या गाडीनं तो परतला. नंतर त्याची पत्रं येत राहिली. मी एकालाही उत्तर दिलं नाही.

त्याला मी माफ केलं नाही, आणि त्याची मला खंतही नाही. खंत त्या कारकुनाची आहे. तो होता की नव्हता कोण जाणे. पण अम्माच्या तोंडचे शेवटचे शाप त्याला लागले, आणि ते मीच तिच्याकडून वदवून घेतले.