घट्ट तेल

जुनी गाडी घ्यायला आलेली माणसं आधी रंग बघतात, मग आत बसून स्टिअरिंग कुरवाळतात आणि शेवटी विकणाऱ्यालाच विचारतात, "काही प्रॉब्लेम नाही ना?" ती मात्र सगळ्यात आधी बॉनेटवर तळहात ठेवते. बॉनेट कोमट लागलं, की पिशवी उचलून म्हणते, "गार झाली की बोलवा." इंजिनाचं दुखणं कळतं ते सकाळच्या पहिल्या स्टार्टला, तापलं की तेही लबाड बनतं. या सवयीपायी बाजाराने तिचं नाव थर्मामीटर पाडलंय. तोंडावर ताई, पाठीमागे थर्मामीटर. वय सत्तेचाळीस, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, पिशवीत टॉर्च, रंगाची जाडी मोजायचं यंत्र, पांढऱ्या चिंध्या आणि गाडीखाली सरकायला एक विटकी सतरंजी. गाड्या पारखणं हाच तिचा धंदा. दलाल तिला पाण्यात पाहतात, पण तिचा शब्द कुणी खोटा पाडल्याचं ऐकिवात नाही.

ही सवय तिला लागली ती एका कोमट बॉनेटमुळे.

ती एकोणीस वर्षांची होती. दादा तिला घेऊन एक पांढरी व्हॅन बघायला गेला. विकणाऱ्याला सगळे शेठ म्हणत. शेठने व्हॅन आधीच सुरू करून ठेवली होती. इंजिन इतकं मऊ चालत होतं की तीच म्हणाली, "दादा, आवाज बघ कसा गोड आहे. घेऊन टाक." दादाने घेतली. आतली बेअरिंगं खिळखिळी झाली होती आणि खडखड ऐकू येऊ नये म्हणून शेठने तेलात ते दाट करायचं औषध ओतलं होतं. सव्वा महिन्याने चढावर इंजिन जागच्या जागी जाम झालं आणि मागून ट्रक आला. दादाचा डावा पाय गुडघ्यापासून गेला.

आई जाब विचारायला गेली तेव्हा हीही सोबत होती. शेठ दात कोरत होता. म्हणाला, "बाई, विचारलं असतं तर सांगितलं असतं. विचारलंत का तुम्ही?"

पुढच्याच आठवड्यात ती एका गॅरेजात काम शिकायला लागली. ते वाक्य तिने अठ्ठावीस वर्षं जपलं.

गेल्या हिवाळ्यात दातांच्या एका डॉक्टरीणबाईंचा फोन आला. "स्पोर्ट्स कार बघितलीय. लाल, दोन सीटची, टर्बोवाली. नवरा म्हणतो म्हातारचळ लागलाय. ते जाऊ दे. ती मला मध्येच रस्त्यात सोडणार नाही ना, एवढंच तुम्ही सांगा."

विकणारा कोण, तिने विचारलं. तोच शेठ निघाला.

"ताई? आहात ना?"

"आहे. उद्या सकाळी सात. आणि त्यांना बजावून ठेवा, गाडी आधी सुरू करायची नाही."

शेठच्या दुकानाची पाटी उतरली होती. शोकेसच्या काचेला पुठ्ठा लावलेला. जन्मभर घरगुती गाड्या विकल्या, धंदा बसल्यावर असेल नसेल ते सगळं या एका लाल गाडीत घातलं, असं बाजारात बोललं जात होतं. ही गाडी विकली गेली तर शेठ तरणार, नाही तर बसणार. शेठने तिला ओळखलं नाही. "या ताई, तुमचं नाव फार ऐकलंय," म्हणत त्याने खुर्ची पुढे केली. डॉक्टरीणबाई बसल्या, ती बसली नाही.

बॉनेट बर्फासारखं गार होतं.

यंत्र दारावरून, छतावरून फिरलं. रंगाची जाडी सगळीकडे सारखी. सगळ्या काचांवर एकाच वर्षाचा शिक्का. डिकीतलं कार्पेट उचललं. खालचे वेल्डिंगचे ठिपके कारखान्यातलेच. सीटबेल्ट टोकापर्यंत ओढून पाहिला, गाडी पाण्यात बुडालेली असती तर तिथे चिखलाची रेघ असती. रेघ नव्हती. टायर सगळीकडे सारखे झिजलेले. प्रत्येक चांगल्या गोष्टीगणिक तिचं डोकं तापत गेलं. इतक्या वर्षांनी हा माणूस हाती लागला, आणि तोही धडधाकट गाडी घेऊन! 'पाण्यातली गाडी आहे' एवढं एक वाक्य पुरलं असतं. डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटून विश्वास ठेवला असता. पण खोटं बोलायचं तर तिच्यात आणि शेठमध्ये फरक काय उरला?

मग तिने इंजिनातलं तेल बघायची पट्टी उपसली.

या जातीच्या इंजिनाला पाण्यासारखं पातळ तेल लागतं. पट्टीवरून मधासारखी तार लोंबत होती. तिने चिंधी लावली, वास घेतला. तेच औषध. गाडीला काहीच झालेलं नव्हतं, तरी शेठने ते ओतलं होतं, कारण गिऱ्हाईक येण्याआधी ते ओतायचंच हा त्याचा तीस वर्षांचा शिरस्ता. जित्याची खोड. टर्बोची, म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याची, बारीक बेअरिंगं मिनिटाला लाखभर फेरे फिरतात. त्यांच्यापर्यंत हे गारठलेलं तेल वेळेवर पोचणार नाही, हे बापड्याच्या गावीही नव्हतं.

दुसरं कुणी असतं तर ती तिथल्या तिथे म्हणाली असती, "हे तेल काढा, पातळ घाला, मगच चावी फिरवा." तिने पट्टी पुसली आणि परत खोचली.

"आता आवाज ऐकू या," ती म्हणाली.

शेठ खुशीत आत बसला. गाडी सुरू झाली. "वाघ आहे, वाघ! डॉक्टरीणबाई, डरकाळी तर ऐका. दाबू का, ताई?"

"तुमची गाडी आहे, शेठ."

त्याने पाय तळापर्यंत दाबला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा डरकाळीतून बारीक शिट्टी फुटली, मग पत्र्यावर पत्रा घासावा तसा आवाज आला आणि मागून निळा धूर निघाला. धुराने डॉक्टरीणबाईंना खोकला लागला.

"घेऊ नका," ती त्यांना म्हणाली. "टर्बो गेलाय. इंजिनाचाही आता भरवसा नाही."

"कधी गेला?"

"आत्ता."

डॉक्टरीणबाई निघून गेल्या. शेठ चावी हातात घेऊन उभा राहिला. मग बॉनेट उघडून त्याने स्वतःच पट्टी काढली, बोटांत तेल चोळलं आणि हळूहळू त्याच्या ध्यानात आलं.

"तुम्ही पट्टी बघितली होतीत."

"बघितली होती."

"कळलं होतं तुम्हाला?"

"कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत? बाई, मी बुडालो!"

"विचारलं असतं तर सांगितलं असतं." ती सतरंजीची गुंडाळी करत होती. "विचारलंत का तुम्ही?"

आपलंच वाक्य शेठला ओळखू आलं नाही. तिने पांढऱ्या व्हॅनची आठवण दिली, चढ सांगितला, ट्रक सांगितला. तो कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "कुठली व्हॅन? पांढऱ्या व्हॅनी मी पन्नास विकल्या असतील."

हे मात्र तिने गृहीत धरलेलं नव्हतं. परत येताना तिला तेवढंच बोचत राहिलं.

दादा खिडकीशी बसून रेडिओ दुरुस्त करत होता. तिने सगळं सांगितलं, पट्टीसकट. दादाने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"बरं केलंस," तो म्हणाला. मग त्याने विचारलं, "गाडी चांगली होती?"

"एकदम. दोष काढायला जागा नव्हती."

"तेल बदलून मला एक फेरी मारून आणायचीस की, येडे," दादा म्हणाला. "मग खुशाल मोडायचीस."