अक्षरावर पाय

सावेडीतून टेम्पो निघाला तेव्हा मी ड्रायव्हरच्या शेजारी बसलो होतो आणि माझ्या मांडीवर पावणेतीन फुटांचा निळा चेंडू होता. चेंडू रिकामा आणा, हवा इथं भरू, असं माझ्या भाचीने, मुक्ताने, फोनवर दोनदा बजावलं होतं. पण आमच्या कोपऱ्यावर पंक्चरवाला आहे, राजूरला वेळेवर सापडेल न सापडेल, असा सुज्ञ विचार करून मी आदल्या दिवशीच तो टम्म भरून घेतला. मागे सामान खच्चून भरलेलं. त्यामुळे चेंडू पुढे, मी चेंडूच्या मागे, आणि राहुरी आली हे मला भाऊसाहेबांनी, म्हणजे आमच्या ड्रायव्हरने, सांगितलं म्हणून कळलं.

माझा धंदा स्वयंपाकघरांचा. गेली बावीस वर्षं मी नगरकरांना ओटे, कपाटं आणि टीव्हीची युनिटं करून देतो. मुक्ता फिजिओथेरपिस्ट आहे. अकोले तालुक्यातल्या राजूरला एका संस्थेच्या केंद्रात ती काम करते. ज्यांचे हातपाय जन्मापासून नीट साथ देत नाहीत अशी डोंगरातल्या वाड्यांवरची मुलं तिच्याकडे येतात. व्यायाम म्हटला की मुलं रडतात, खेळ म्हटला की रडायचं विसरतात, तेव्हा मामा, एका खोलीत खेळता खेळता व्यायाम होईल अशी जागा करून द्या, असं तिचं म्हणणं. मला ओट्यापलीकडे काही येत नाही हे मी सांगून पाहिलं. मग माझ्या बहिणीचा फोन आला, आणि त्यानंतर मला सगळं येतं असं ठरलं.

कोल्हारला भेळ खायला उतरलो. मांडीला मुंग्या आल्या होत्या, म्हणून चेंडू टेम्पोला टेकवून ठेवला. थंडीचे दिवस, नदीकडून वारा सुटलेला. भेळेचा दुसरा घास घेतो न घेतो तोच चेंडू निघाला. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग होती. पहिल्या ट्रॅक्टरवाल्याने करकचून ब्रेक मारला, मागच्यांनी हॉर्न सुरू केले. निळा चेंडू सगळ्यांच्या पुढे, मिरवणुकीत असावा तसा, शांतपणे चालला होता. चार जणांनी तो धरून आणला आणि खाली न ठेवता माझ्या हातात दिला. त्यातल्या एकाने कुठलं मंडळ म्हणून विचारलं. लहान मुलांच्या व्यायामाचा आहे म्हटल्यावर त्याने चेंडूकडे पाहिलं, मग माझ्या पोटाकडे पाहिलं, आणि तो गेला.

संगमनेर मागे पडलं, अकोले आलं आणि रस्ता चढू लागला. ऊस संपून भाताची कापलेली खाचरं दिसू लागली. चेंडूच्या डाव्या अंगाने डोंगर दिसत होते, उजव्या अंगाने भाऊसाहेबांचा कान. दुपारी राजूरला पोचलो. गाव डोंगरांच्या ओंजळीत बसलेलं आहे. आजूबाजूच्या वाड्यांचा सगळा व्यवहार इथल्या आठवडी बाजारावर चालतो. माळवं (भाजीपाला), मीठमिरची, दवाखाना, पाहुणे, सगळं त्या एका दिवशी. मुक्ताची मुलंही बहुतेक बाजाराच्या दिवशीच येतात, कारण जीप त्या दिवशी वाडीपर्यंत येते.

माझा बेत तीन दिवसांचा होता. दोन दिवसांत सामान लावायचं, तिसऱ्या दिवशी, म्हणजे बाजाराच्या दिवशी, उद्घाटन, आणि पेढा खाऊन परत. लावायला होतं काय, तर मुलांच्या उंचीचा एक खोटा ओटा. त्यापाशी उभं राहिल्याशिवाय खोटा चहा करता येत नाही, आणि उभं राहणं हाच व्यायाम. एक बुटका उतार. धरून चालायला दोन बाजूंना दोन लाकडी दांडे. आणि त्या दांड्यांमधली जमीन ही माझी खास कल्पना. तिथं मी एकेका पावलाच्या अंतरावर 'अ' पासून 'अः' पर्यंत मोठी रंगीत अक्षरं रंगवून घेतली. पोरगं अक्षर म्हणेल, त्यावर पाऊल टाकेल, चालणंही होईल आणि अभ्यासही. ही कल्पना सुचली त्या दिवशी मी घरी बायकोला दोनदा समजावून सांगितली होती. ती म्हणाली, "बघा बाबा." हे तिचे शब्द मी तेव्हा मनावर घ्यायला हवे होते.

मुक्ताच्या घरमालकीणबाईंकडे नागलीची (नाचणीची) भाकरी आणि हुलग्याचं कालवण (रस्सा) जेवताना मुक्ताने मला रोशनीबद्दल सांगितलं. रोशनी आठ वर्षांची. पाय जन्मापासून ताठ, चालायला बुटांना जोडलेले कॅलिपर, म्हणजे बिजागरीच्या लोखंडी पट्ट्या. आईबाप मजुरीला नारायणगावच्या बाजूला, त्यामुळे आजी ठकूबाईच तिला सांभाळते. वाडीतली शाळा घराला लागून, तिथवर आजी उचलून नेते. बाजाराच्या दिवशी उचलून जीपमध्ये घालते आणि इथं आणते. आता पोर जड झाली आणि आजीची कंबर गेली. मागच्या वेळी आजी सांगून गेली होती की अजून एक बाजार आणीन, पुढं माझ्यानं व्हायचं नाही. जीपची पायरी पोरीला स्वतः चढता आली तरच पुढचं येणं.

"ताकद आहे मामा तिच्यात," मुक्ता म्हणाली. "पण एका हाताने धरून गुडघ्यात वाकायचं आणि उठायचं, एवढंच ती करत नाही. सहा महिने झाले. पडेन म्हणून रडते. ते जमलं तर पायरी जमली."

मी तिला धीर दिला. अक्षरं आहेत ना, म्हटलं.

बाजाराच्या दिवशी सकाळी दाराला झेंडूचं तोरण लागलं, रिबीन लागली, नारळ फुटला. प्रमुख पाहुणे म्हणून गावातले एक निवृत्त मुख्याध्यापक होते. त्यांनी रिबीन कापली, चपला काढल्या, दांड्यांच्या मध्ये पाऊल उचललं आणि ते तसंच हवेत ठेवलं. खाली 'अ' होता. त्यांनी पाऊल मागे घेतलं, वाकून 'अ' ला हात लावला, तो कपाळाला लावला आणि भिंतीच्या कडेकडेने निघाले. त्यांच्यामागची सगळी मंडळी त्याच वाटेने, पाठ भिंतीला घासत, एकामागून एक. चुन्याने सगळ्यांच्या पाठी पांढऱ्या झाल्या. खोलीच्या मधोमध माझी अक्षरं झळकत होती आणि त्यांच्या वाऱ्यालाही कोणी उभं राहत नव्हतं.

मुलांची तीच गत. एका मुलाला त्याच्या बापाने अक्षरांवरून उचलून पलीकडे नेऊन ठेवलं. म्हणजे चालण्यासाठी केलेल्या जागेत चालणारी मुलंही कडेवर बसली. मी पुढे होऊन समजावू लागलो की हा खेळ आहे, यावर पाय द्यायचाच आहे. तेव्हा दारात एक म्हातारी उभी होती, कमरेवर हात आणि हाताशी एक मुलगी. मुलीच्या पायात कॅलिपरचे बूट.

"अक्षरावर पाय?" म्हातारी म्हणाली. "तेबी बुटाचा? आमी अडानी हाय, पन येवढं कळतं आमाला."

ठकूबाईंची आणि माझी ओळख ही अशी झाली.

मला जमीन पोटात घेईल तर बरं, असं झालं, पण जमिनीवर तर अक्षरं होती. आणि लाजेची गोष्ट अशी की मी प्राथमिक शिक्षकाचा मुलगा. लहानपणी पाटीला पाय लागला तर वडील जेवणाच्या ताटावरून उठवून पाटीला नमस्कार करायला लावत. तो मी, बारा अक्षरं जमिनीवर पसरून लोकांना तुडवायला बोलावत होतो. शहाणपण ओट्यावर विसरून आलो होतो म्हणा.

पाहुणे पेढे घेऊन गेले. मी रंगाऱ्याला फोन लावला आणि करड्या रंगाचा डबा घेऊन लगेच ये म्हणून सांगितलं. मुक्ता पेढ्यांचे रिकामे खोके गोळा करू लागली. ती रागावली असती तर बरं वाटलं असतं. बाहेर ओट्यावर ठकूबाई पेढा खात बसल्या होत्या. हा शेवटचा बाजार, हे त्यांनी मुक्ताला सकाळीच पुन्हा सांगून टाकलं होतं.

रोशनी आत राहिली होती. दांडा धरून ती अक्षरांच्या टोकाशी उभी होती. पलीकडच्या टोकाला माझा खोटा ओटा आणि त्यावरची छोटी किटली. ती किटली तिला हवी होती हे सरळ दिसत होतं. भिंतीच्या कडेने जावं तर तिथं धरायला काही नाही. तिने दाराकडे पाहिलं. आजीची पाठ होती. तिने बूट उचलला आणि 'अ' वर ठेवला.

ठेवला आणि तिचं तोंडच उतरलं. चोरी केल्यासारखी ती थिजली. मग एक हात सोडला. दुसऱ्या हाताने दांडा घट्ट धरला आणि गुडघे हळूहळू वाकू लागले. कॅलिपरची बिजागरी करकरली. ती खाली गेली, बोटं 'अ' ला टेकली, कपाळाला लागली. आणि तशीच, थरथरत, दात आवळून, ती वर आली.

मुक्ताने माझा दंड इतका जोरात धरला की दोन दिवस तिथं निळं होतं. रोशनीने 'आ' वर पाऊल ठेवलं. पुन्हा वाकली, पुन्हा नमस्कार, पुन्हा उठली. ती व्यायाम करत नव्हती, माफी मागत होती. प्रत्येक अक्षराची वेगळी.

"मामा," मुक्ता पुटपुटली, "रंगाऱ्याला सांगा, येऊ नको."

तिचे डोळे भरले होते. माझेही भरले, उगाच कशाला लपवू.

'ऊ' पर्यंत आली तेव्हा बिजागरीचा आवाज ऐकून ठकूबाई आत वळल्या. अक्षरावर बूट पाहून त्यांनी तोंड उघडलं. पोर त्याच वेळी खाली गेली आणि कोणी हात न लावता वर आली. ठकूबाईंचं तोंड तसंच उघडं राहिलं. पेढा हातात. रोशनी पुढे गेली, अजून वाकली, उठली, घामाघूम झाली आणि ओट्याला लागून एकदाची किटली धरली. आता म्हातारी रडणार असं मला वाटलं. ठकूबाईंनी पदराने तोंड पुसलं आणि अक्षरांकडे बोट केलं.

"मधलं येक चुकलं तुझं. त्याच्या पाया न्हाई पडली."

ठकूबाईंना एक अक्षर येत नाही. पण त्यांनी मोजलं होतं. 'ऐ' राहिला होता. रोशनी दांडा धरून परत गेली आणि 'ऐ' च्या पाया पडून आली. मग किटलीतून आजीला खोटा चहा मिळाला, आणि साखर कमी आहे असं आजीने सांगितलं.

माझा तीन दिवसांचा बेत दहा दिवसांवर गेला. दांडे रोशनीच्या हाताला चार बोटं उंच होते, ते उतरवले. रंगारी करड्या रंगाचा डबा घेऊन आलाच होता, त्याच्याकडून क, ख, ग काढून घेतले. 'ग' काढून झाल्यावर त्याला बाहेर यायला वाट उरली नाही, तेव्हा तो पाया पडत पडत आला. माझ्या मनात मात्र एकच धाकधूक होती. एक बाजार आणीन असं आजी म्हणाली होती, आणि तो होऊन गेला होता.

पुढच्या बाजारी मी सकाळपासून जीप थांबतात तिथं जाऊन उभा राहिलो. दोन जीपा रिकाम्या झाल्या. तिसरीतून आधी कोंबड्यांची पाटी आली, मग ठकूबाई, आणि मग जीपचा दांडा धरून, उलट्या बाजूने, बूट चाचपत रोशनी. मी नमस्कार केला तर ठकूबाई माझ्यावरच घसरल्या.

"काय लावून दिलं हो पोरीला? आख्खं अंगन चुन्यानं लिहून ठिवलंय. भिताड धरून दिसभर वाकती. मला शेळ्यांपातुर जायाचं तर धा ठिकानी पाया पडावं लागतंय. माझी कंबर काय न्हाई राह्यली."

मी माफी मागितली. त्यांनी ती घेतली नाही, पण पाटीतली चार अंडी दिली.

दुपारी परतीची जीप लागली, मुक्ताही पोचवायला आली. उतरणं वेगळं आणि चढणं वेगळं. पायरी रोशनीच्या गुडघ्याच्या वर होती. ठकूबाईंनी सवयीने हात पुढे केले आणि परत कमरेवर ठेवले. ड्रायव्हरने हॉर्न दिला. रोशनी पायरीकडे पाहत राहिली. मग मुक्ताकडे हात केला आणि म्हणाली, "खडू."

मुक्ताने खडू दिला. पोरीने वाकून जीपच्या पायरीवर मोठा 'अ' काढला. दांडा धरला, बूट उचलला, एकदा घसरला, पुन्हा उचलला आणि 'अ' वर रोवला. वर आली. तशीच वाकली, अक्षराला हात लावला, कपाळाला लावला, आणि आत जाऊन बसली. टाळ्या वाजवायला मी हात उचलले, पण ड्रायव्हर ओरडला, कारण आता त्या पायरीवर पाय ठेवायला कोणी तयार होईना. अकरा माणसं, दोन कोंबड्या आणि एक मिठाचं पोतं पुढच्या दाराने, ड्रायव्हरच्या अंगावरून आत गेलं. जीप पंधरा मिनिटं उशिरा निघाली. ठकूबाई सर्वात शेवटी चढल्या.

"येतो पुढल्या बाजारी," त्या खिडकीतून म्हणाल्या.

मी लगेच दुपारच्या एस.टी.ने परत निघालो. मांडीवर चेंडू नव्हता, त्यामुळे संगमनेर, कोल्हार, राहुरी सगळं पहिल्यांदाच नीट पाहिलं. खोली कशी झाली असं बायकोने विचारलं, तेव्हा मी सगळं खरं सांगितलं. तुम्ही केलं काय मग, असा तिचा प्रश्न होता. माझ्या हुशारीने खोलीत कोणी पाऊल टाकलं नसतं. माझ्या चुकीने पोर जीप चढली.

दुसऱ्या दिवशी एका ओट्याचे नकाशे जमिनीवर पसरून काम करत होतो. उठताना एका कागदाला पाय लागला. वाकून नमस्कार केला. गुडघा करकरला, ओट्याला धरून वर आलो. पुढे चाललो तर बायको दारातून म्हणाली की मागच्या कागदालाही लागला होता.

मी परत वळलो आणि वाकलो.