दूर्वांतला दवबिंदू

गणपतीसाठी कर्नाळ्याच्या बाजूच्या ओल्या माळावरून मी स्वतः दूर्वा खुडून आणल्या. एकवीस-एकवीसच्या जुड्या बांधत होतो, शेजारी सहा वर्षांची लेक होती.

"बाबा, ह्या गवताला मध लागलाय," म्हणत तिने बोट चाटलं.

तो देठ मी उजेडात धरला. त्याच्या लालसर केसांच्या टोकांना चिकट थेंब होते आणि त्यांत अडकलेलं चिलट पाय झाडत होतं. मी घाबरून तिचं बोट पुसलं.

"जुड्या बरोब्बर मोजल्यात, गवत मात्र बघितलं नाहीत!" बायको म्हणाली आणि शेजारच्या वनस्पतिशास्त्राच्या बाईंना घेऊन आली.

"ह्या रोपाचं नाव दवबिंदू. कीटक चिकटवून पचवतो. घाबरू नका, एवढ्याने माणसाला काही होत नाही," बाई म्हणाल्या.

"पचवतो म्हणजे?"

"पान वळतं, रस सोडतं. चिलट विरघळतं हळूहळू."

ते ऐकून भीती वाढलीच. दर दहा मिनिटांनी मी लेकीची जीभ पाहत होतो. चौथ्या खेपेला देठावरचं चिलट निपचित पडलं होतं. सहाव्या खेपेला लेक चिडली, "मी काय चिलट आहे?"

आरतीत टाळ्या वाजवताना माझी नजर तिच्यावरच होती. ती सगळ्यांत मोठ्याने गात होती.