सशांना आलेला ताप

मुंबईला मावशीकडे राहून मी इंटर सायन्स झाले आणि पनवेलला परतले, तेव्हा बाबांनी शब्द टाकून मला ते काम करत होते त्याच कारखान्यात चिकटवलं. उरणच्या रस्त्याला, वस्तीबाहेर, धनुर्वातावरचं इंजेक्शन बनवणारा तो छोटा कारखाना. घोड्याला धनुर्वाताचं विष थोडं थोडं टोचत गेलं की त्याच्या रक्तात त्या विषावरचा उतारा तयार होतो. बाबा तबेल्यात. ते घोडा धरायचे, कारखान्याचे मालक डॉक्टरसाहेब रक्त काढायचे, आणि त्या रक्तातून उताऱ्याचं तेवढं प्रथिन वेगळं काढायचं काम आम्हा आतल्या माणसांचं. संध्याकाळी बापलेक बरोबरच करंजाड्याला घरी चालत जायचो. वाटेत बाबा घोड्यांच्या खोड्या सांगायचे.

माझ्याकडे पिशव्या होत्या. क्षार घालून प्रथिन तळाशी बसवलं की तो साका सेलोफेनच्या लांब, पडवळासारख्या पिशव्यांत भरून वाहत्या पाण्यात सोडायचा. क्षार पाण्याबरोबर निघून जायचा, प्रथिन आत राहायचं. मग गाळायचं, आणि शेवटी सशांच्या कानाच्या शिरेत थोडं टोचून त्यांना ताप येतो का बघायचं. ताप आला की तो घाणा, म्हणजे एका वेळचा सगळा माल, बाद.

त्या उन्हाळ्यात सशांना ताप यायला लागला. एक घाणा गेला, दुसरा गेला. डॉक्टरसाहेबांनी मला समोर बसवून समजावलं होतं, "जंतू गाळणीत अडकतात, पण त्यांच्या अंगातलं विष पाण्यात उरतं. ते दिसत नाही, उकळून जात नाही. आणि आपल्याला उकळताही येत नाही, प्रथिन अंड्यासारखं गोठेल. हे माणसाच्या शिरेत गेलं तर तो हुडहुडी भरून तापाने फणफणेल." विष कुठून येतंय, ते मात्र त्यांनाही कळत नव्हतं.

ते मुंबईला गेले असताना मॅनेजरने सगळ्यांना अंगणात बोलावलं. बाटल्या धुणाऱ्या बायका, मी, गाळणीवरची माणसं, तबेल्यातले लोक. बाबा एका तांबड्या घोडीला घेऊन पाण्याकडे निघाले होते, ते तसेच दोर धरून उभे राहिले.

मॅनेजर म्हणाला, "औषध नासतंय. शिवाशिव कुणाची झाली, ते मला कळलं पाहिजे. त्या दिवसांत कोण अडचणीत होतं?"

बायका पदर तोंडाला लावून खाली बघायला लागल्या. तेव्हा तो माझ्याकडे वळला.

"तुम्ही शिकलेल्या आहात. पिशव्या तुमच्या हाताखाली असतात. तुमचं काय ते सांगा."

नाही म्हणता आलं असतं. पण मला खोटं सुचलंच नाही. मी "होते" म्हणाले. एवढंच. माझे कान इतके तापले की समोरचं नीट दिसेना. गाळणीवरचा एकजण हसल्यासारखा खोकला. मी बाबांकडे पाहिलं नाही, पण घोडीचे खूर दगडावर वाजत दूर गेले, ते ऐकू आलं.

त्या दिवसापासून बाबा माझ्याआधी घरी जाऊ लागले. घरात जेवताना ते भिंतीकडे तोंड करून बसत. आईने कारण विचारलं नाही. गावात तोवर कळलंच असावं. मला हुकूम झाला की दर महिन्याला ते चार दिवस पिशव्यांच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, सशांच्या पिंजऱ्यांपाशी बसायचं. म्हणजे मी तिथे बसलेली दिसले की सगळ्या कारखान्याला कळायचं. मी पिंजऱ्यांच्या मागच्या बाजूला स्टूल सरकवून बसायचे.

मी अशी बाहेर बसलेली असताना पिशव्यांचं काम गाळणीवरच्या पुरुषांनी केलं. त्याही घाण्याने सशांना ताप आला.

डॉक्टरसाहेबांना मी विचारलं, "प्रत्येक टप्प्यावरचा नमुना वेगळा काढून टोचून बघू का?" ते बघ म्हणाले. क्षाराने बसवलेला साका टोचला, ससे ठणठणीत. पिशव्यांतून काढलेला टोचला, आणि ससे कोपऱ्यात अंग आक्रसून बसले. दोष त्या खोलीचा होता. विहिरीचं पाणी टाकीत उन्हाने तापायचं, पिशव्या त्यात दोन-दोन दिवस लोंबत राहायच्या, आणि तेवढ्यात जंतूंची पैदास व्हायची.

मग कोळी मासळीसाठी जिथून बर्फ घेतात तिथून बर्फ यायला लागला. पिशव्या ताज्या ऊर्ध्वपातित पाण्यात, बर्फाच्या पेटीत राहू लागल्या. बिघडलेल्या घाण्यात डॉक्टरसाहेबांनी औषधी कोळशाची पूड ढवळून गाळली. विष बरंचसं कोळशाने ओढून घेतलं, पण त्याबरोबर उताराही कितीतरी गेला. नव्या घाण्याचे ससे शांतपणे पाला खात बसले. मॅनेजर तिथे होता. तो पाठ फिरवून निघून गेला. पुढच्या महिन्यात शिपाई नेहमीसारखा माझे ते चार दिवस आले का, ते विचारायला आला. हुकूम आता मागे घ्या, असं सांगायला मी डॉक्टरसाहेबांकडे गेले तर ते चष्मा पुसत म्हणाले, "राहू दे. तेवढीच विश्रांती." कारण काय ते सगळं ठाऊक असून मी पुन्हा त्या स्टुलावर जाऊन बसले.

पावसाळ्यानंतर तबेल्यात बाबांच्या पायात गंजका खिळा घुसला. लिदीतली जखम, म्हणजे धनुर्वाताची भीती. डॉक्टरसाहेबांनी बाटली काढली. बाबांनी त्यांचा हात थांबवला आणि कितीतरी दिवसांनी माझ्याकडे सरळ पाहिलं.

"बाय, ह्ये तुज्या हातचं हाय?"

"हो."

"मंग टोचा."

आधी कातडीत थेंबभर टोचून पाहिला, मग पुरतं इंजेक्शन दिलं. मी शेजारी बसून राहिले. हुडहुडी येते का, कपाळ तापतं का, बघत. मनात येत होतं, यांना ताप चढला तर अंगणातलं ते सगळं खरं ठरेल. बापाच्या जिवापेक्षा मला त्याची धास्ती होती, आणि ते कळल्यावर त्यांच्या कपाळावरचा माझा हात मला नकोसा झाला.

बाबा डोळे मिटूनच बोलले, "त्या दिशी मना लय लाज वाटली. तुजी नाय गो. मी घोडी धरून हुबा ऱ्हायलो. त्याला येक शबूद बोललो नाय. म्हून तुज्यासंगती चालायला तोंड नव्हतं."

मी पुन्हा त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. त्यांना ताप आला नाही. पाय बरा व्हायला महिना गेला आणि ते पुन्हा तबेल्यात जाऊ लागले. माझं लग्न ठरेपर्यंत मी तिथेच होते. सासरच्यांनी विचारलं, कारखान्यात काय करायचीस? मी म्हणाले, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायचे.