अकरा दात्यांची पिनियन

खेळण्यातल्या गाड्यांना मोटर आणि गिअर बसवण्यात मी आयुष्याची दहा-बारा वर्षं घालवली, हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग माझ्या पांढऱ्या केसांकडे बघून गप्प बसतात. बसू देत. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात टूलरूममध्ये मी जे केलं त्याबद्दल बाहेर बोलायची मनाई होती, आणि खरं सांगायचं तर त्यात बोलण्यासारखं काही नव्हतंही. रविवारी जे केलं त्याबद्दल मात्र बोलायला हवं, कारण त्यात माझ्या हातून एका चांगल्या माणसाचं वाईट झालं.

आम्ही सात-आठ जण होतो. खडकी बाजाराच्या मागे एका लाकडाच्या वखारीवरची लांबट खोली आम्हाला रविवारपुरती मिळायची. तिथे आम्ही प्लायवूडचा ट्रॅक बांधला होता. त्यात चार खाचा, प्रत्येक खाचेच्या दोन्ही बाजूंना तांब्याची पट्टी. गाडी वीतभरापेक्षा लहान. तिच्या पोटाखालची जीभ खाचेत बसते, पट्टीतून वीज घेते, आणि हातातल्या कंट्रोलरचा ट्रिगर जितका दाबावा तितकी ती पळते. स्टिअरिंग नाही, वेगळा ब्रेक नाही. सगळा खेळ एका बोटाचा. लांब सरळ पट्टा संपताना बोट वेळेवर सोडलं नाही, तर गाडी वळणावर खाचेतून उडते आणि भिंतीवर जाऊन आपटते.

चालवणं मला कधी जमलं नाही. माझं डोकं मोटरीत. जुन्या बाजारातून आणि कोणाच्या तरी परदेशातल्या मेव्हण्याकडून जमवलेल्या मोटरी मी एका डब्यात ठेवायचो. प्रत्येक मोटर बारा व्होल्टवर फिरवायची, कानाशी धरायची, किती करंट खाते ते बघायचं. काही गरम डोक्याच्या, बोट टेकवताच उसळणाऱ्या. काही थंड. मग मोटरच्या दांड्यावरचं दातेरी चाक, म्हणजे पिनियन. ती लहान लावली, नऊ दात्यांची, की गाडी झटकन उचलते आणि बोट सोडताच मोटरच तिला झटकन आवरते. मोठी लावली की गाडी नरम पडते. बोटाची चुळबुळ तिला फारशी कळत नाही, पण थांबायलाही ती वेळ लावते.

माझी गाडी चालवायचे घड्याळवाले. भवानी पेठेत त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, वडिलांपासून चालत आलेलं. घरात उर्दू, पण मराठी माझ्यापेक्षा शुद्ध, आणि टोमणे त्याहून शुद्ध. माझी गाडी एकदा अर्ध्यात बंद पडली तेव्हा म्हणाले होते, "अहो, कारखान्यातही असंच बनवता का? मग देशाचं अवघड आहे." त्यांच्या बोटासारखं बोट मी दुसरं पाहिलं नाही. ट्रॅकवर एका पांढऱ्या खिळ्याशी ते बोट सोडायचे. दरवेळी त्याच खिळ्याशी, केसभर मागेपुढे नाही.

आमच्यात एक रिवाज होता. गाडी हातात देताना बनवणाऱ्यानं गिअर तोंडानं सांगायचा, चालवणाऱ्यानं तो परत म्हणायचा, आणि मगच गाडी ट्रॅकवर ठेवायची. मी म्हणायचो, "नऊ-सत्तावीस," म्हणजे पिनियनचे दाते नऊ आणि मागच्या आसावरच्या चाकाचे सत्तावीस. ते म्हणायचे, "नऊ-सत्तावीस." चालवणाऱ्याला बोट कुठे सोडायचं ते त्यावरून कळतं, म्हणून हा रिवाज. तोवर तो कोणी मोडलेला मला आठवत नाही.

त्या वर्षी पावसाळा संपता संपता त्यांचा उजवा हात थरथरू लागला. प्रथम मला वाटलं, उपास पडला असेल. मग लक्षात आलं की ते कंट्रोलर डाव्या हातानं खालून धरतात, आणि चहा सगळ्यांचा पिऊन झाल्यावर एकटे पितात. गाडी सरळ पट्ट्यावर लहान लहान झटके खाऊ लागली. नऊची पिनियन आणि गरम मोटर. बोटाचा प्रत्येक कंप ती चाकांपर्यंत पोचवत होती. तीन रविवार ते वळणावर उडाले. तिसऱ्या रविवारी गाडी पुसता पुसता म्हणाले, "दिवाळीआधीच्या मोठ्या शर्यतीत घसरलो, तर मी इथे यायचं बंद करणार." हसत म्हणाले, पण ते असलं उगाच बोलणाऱ्यांतले नव्हते. दुकानात दिवसभर एकटे बसणारा माणूस. रविवारची ती खोली हीच काय ती त्यांची माणसांतली जागा. मला भीती वाटली.

तो सगळा आठवडा मी डब्यातल्या मोटरी काढून बसलो. बायको म्हणाली, मुलीच्या लग्नाला स्थळ निवडताना इतकं बघितलं नव्हतंत. शेवटी सगळ्यांत थंड मोटर निवडली आणि तिला अकरा दात्यांची पिनियन बसवली. घरी ठेवलेल्या ट्रॅकच्या तुकड्यावर मुद्दाम बोट थरथरवून पाहिलं. गाडी लोण्यासारखी चालली. मला स्वतःचंच कौतुक वाटलं, आणि आज त्याची लाज वाटते.

शर्यतीच्या दुपारी मी गाडी त्यांच्या हातात दिली. ते माझ्या तोंडाकडे बघत थांबले. अकरा म्हणालो असतो तर का, असं त्यांनी विचारलं असतं, आणि का ते मला सगळ्यांसमोर सांगावं लागलं असतं. मी म्हणालो, "नेहमीचंच."

"नऊ-सत्तावीस," ते म्हणाले, आणि गाडी खाचेत ठेवली.

पहिला अर्धा फेरा ती सुरेख गेली. झटका नाही, काही नाही. त्यांचा चेहरा उजळला, तो मी पाहिला. मग सरळ पट्टा आला. त्यांनी पांढऱ्या खिळ्याशी, अगदी बरोबर पांढऱ्या खिळ्याशी, बोट सोडलं. नऊची पिनियन असती तर गाडी आवरली असती. अकराची तशीच पुढे गेली, खाच सोडून उडाली आणि भिंतीवर आपटून खाली पडली. त्यांचं बोट चुकलं नव्हतं. चुकलो होतो मी, आणि खोलीत ते मला एकट्याला ठाऊक होतं.

त्यांनी गाडी उचलली, खिडकीशी गेले, खिशातलं भिंग डोळ्याला लावलं. दाते मोजायला त्यांना किती वेळ लागणार! परत येऊन गाडी माझ्या हातात दिली आणि सावकाश म्हणाले, "अकरा." मी परत म्हणायला हवं होतं. मी गाडीची चाकं पुसू लागलो. त्यांनी चप्पल घातली आणि ते जिना उतरून गेले.

पंधरा दिवस मला तोंड दाखवायचा धीर झाला नाही. गेलो तेव्हा दुकानातल्या भिंतीवरची घड्याळं उतरवलेली होती. गिऱ्हाइकांची घड्याळं चिठ्ठ्या लावून ते परत करत होते. मी म्हणालो, "अहो, माझ्या एका चुकीपायी दुकान कशाला बंद करता?"

"चुकीपायी नाही," ते म्हणाले. "मला वाटत होतं, हात कोणाला दिसत नाही. गिऱ्हाईक बोलत नव्हतं, घरचे बोलत नव्हते. म्हटलं, आहे अजून वेळ. तुम्हाला तर इतका दिसला की तुम्ही त्याच्या मापाची गाडी बनवलीत. मग गिऱ्हाइकांना दिसत नसेल का? तेही तुमच्यासारखेच भले."

मी तुमच्यासाठीच केलं, असं काहीतरी मी पुटपुटलो.

"ठाऊक आहे. पण सांगितलं असतंत तर मी दोन हात आधी बोट सोडलं असतं. मला येत होतं ते."

समोरच्या हॉटेलातून चहा आला. त्यांनी कप उचलला तो दोन्ही हातांनी, आणि तरी चहा हिंदकळून बशीत, बशीतून शर्टावर सांडू लागला. माझा हात पुढे झाला आणि मध्येच थांबला. कप धरला तर पुन्हा तेच केल्यासारखं होईल, न धरला तर समोर बसून तमाशा बघितल्यासारखं. धरू का, एवढंच विचारायचं होतं. ते माझ्याकडेच बघत होते. मी मान वळवून रस्त्याकडे बघत राहिलो, त्यांचा कप रिकामा होईपर्यंत.