किसनच्या झिंग्यांच्या पेटीत हात घालणारे लोकं

राजेहो, संतापाच्या गोष्टी डोक्यात कशा साचतात, तं नांगरलेल्या वावरात दगडं वर येतात तशा. एक उचलून बांधावर फेकावा, तं खालून दुसरा डोकं काढते! केनवडात किसनच्या ओसरीवर झिंग्यांची पेटी मांडल्यापासून माहं डोकं तसं झालं. आज थोडे दगडं फेकून टाकतो.

पहिलं पेटी काय, ते ऐका. किसन माहा दोस्त. त्याच्याएवढं तोंड गावात कोणाले नव्हतं. त्याले लकवा झाला. उजवा हात गेला अन् बोलणं पार बंद! माणूस भिंतीकडं तोंड करून पडून राहे. डॉक्टर म्हणे, याचं मन कशात तरी लागलं पायजे, नाई तं हा असाच जाईन.

त्याची पोरगी निशा अकोल्याले नोकरीवर. तिच्या घरी काचेची पेटी होती. अर्धी जमीन, अर्धं पाणी, दगडावर शेवाळ, वर झाडं, त्यातून बारीक झरा, अन् पाण्यात लाल लाल झिंगे. तसलीच तिनं बापासाठी मांडाची ठरवली. "काका, मी रविवारी येत जाईन. बाकी तुमी पाहा. लई नाजूक जीव आहे." त्याले ती पॅलुडेरियम म्हणे. माह्या जिभेले ते वळलं नाई. चौथीत शाळा सोडलेल्या माणसाले पेटी हे नाव पुरे!

*

निशानं सांगितलं, दगडावर लिंबू पिळून पाहा. फेस आला तं त्यात चुना आहे, तो दगड घेऊ नका. मी खिशात लिंबं भरले अन् नाल्यावर गेलो. दगड उचल, लिंबू पीळ, वाकून पाह्य. "हा नाई... हा बी नाई..." असं पुटपुटत बसलो. दोघी बाया कपडे धुयाले आल्या होत्या. त्यायनं पाह्यलं अन् कपडे तसेच घेऊन पळाल्या. बस! संध्याकाळपर्यंत गावभर झालं, बुढा करणी करून राह्यला!

शेजारचा पंजाबराव, याले जगातलं सगळं समजते असं यालेच वाटते, तो दुरूनच हात जोडून म्हणे, "दादा, माह्या म्हशीवर काही नको करू बाप्पा! आत्ताच व्याली!"

"तुह्या म्हशीले कोण विचारते बे!"

दुसऱ्या दिवशी घरी ताटभर खरवस आला. खाल्ला. पण राग नाई गेला!

*

पेटीत पाणी भरलं, शेवाळ दोऱ्यानं दगडाले बांधलं. पण झिंगे लगेच टाकाचे नसतात. लोणच्यावानी ते पाणी मुरू द्या लागते. किसनची खाट आमी पेटीकडं फिरवली. तो आपला रिकामी पेटी पाहत राहे. अन् येणारा जाणारा माहं डोकं खाये.

"मासे मेले काय?"

"आलेच नाई अजून!"

"मंग हा पाह्यते काय?"

"पाणी!"

पंजाबराव म्हणे, "पाणीच पाह्याचं होतं तं माही विहीर काय वाईट होती?"

*

झिंगे आले. नखाएवढे. पंजाबरावनं झाकण उचललं अन् सरळ बोट बुडवलं.

"मोठे कवा होतात?"

"एवढेच राह्यतात."

"मंग कालवणाले पुरतात कसे?"

"हात काढ, गाढवा!" मी असा बोंबललो का रस्त्यावरचे कुत्रे उठले. तवापासून दिवसभर माह्या तोंडात हेच. पाहुणा असो का सरपंच, झाकणाले हात लागला का "हात काढ, गाढवा!" गावात सोयाबीनची फवारणी चालू होती. औषधाचा हात पाण्यात गेला का झिंगे खतम. म्हणून फवारणीवाल्याले तं मी पायरी चढू देत नसो.

*

बाहेरच्यायचं सोडा, घरचे काय कमी आहेत? पेटीतलं पाणी आटलं का प्लास्टिकच्या बकेटीतलं शिळं पाणी टाकाचं, हे वहिनीले, म्हणजे किसनच्या बायकोले, मी दहा वेळा सांगितलं. तिले वाटलं, बिचारे जीव, त्यायले चांगलं पाणी द्यावं. रातभर तांब्याच्या हंड्यात ठेवलेलं पाणी ओतलं! तांबं म्हणजे झिंग्याले जहर. सकाळी अर्धे झिंगे उताणे. किसननं पाह्यलं अन् भिंतीकडं तोंड फिरवलं.

"काय केलं व हे, वहिनी!"

"यायले मी रोज तेच पाजतो, भाऊजी. डॉक्टर बी चांगलं म्हणते. यायले चालते तं त्यायले काहून चालत नाई?"

मी अजून जोरात ओरडलो.

मंग पाणी बदललं. वाचलेल्यात एक मादी शेवाळात सापडली, पोटाखाली अंडे घेऊन बसलेली. मी खाट पुन्हा फिरवली अन् किसनले बोटानं दाखवली. लई वेळानं त्याची नजर तिच्यावर थांबली. मंग हालेचना!

*

एक दिवस मी येतो तं ओसरीवर चार माणसं खाली माना घालून बसलेले. पंजाबरावच्या खांद्यावर टॉवेल. किसन तं खाटेवर जिताजागता, पेटी पाहून राह्यला!

"कोण गेलं बे?"

"अंडेवाली," पंजाबराव हळूच म्हणे. "चांगली होती बिचारी."

मी पेटीत पाह्यलं. दगडावर झिंग्याचं पांढरं टरफल पडलेलं, अन् अंडेवाली पानाखाली मजेत चरून राह्यली!

"कात आहे बे ते! दुसऱ्या झिंग्यानं टाकली! साप टाकते का नाई तशी!"

मंग पंजाबराव टॉवेल झटकत म्हणे, "आता आलोच आहो, तं चहा तं सांगा."

*

परवाची गोष्ट. मी वावरातून सरळ किसनकडं आलो. पाहतो तं शेवाळाचा दोरा सुटलेला, दगड कलंडलेला, अन् बरोबर त्याच्याखाली अंडेवाली! दगड हालून राह्यला. आता पडते का मंग पडते! माह्या डोक्यात दुसरं काही राह्यलंच नाई. झाकण फेकलं, बाही वर केली अन् हात आत घातला. फवारणीचा पंप पाठीवर तसाच!

बोट पाण्याले टेकणार, तेवढ्यात मागून, खाटेवरून आवाज आला.

"हात... काढ... गाढवा!"

माहा हात तथीच थांबला. दगड धपकन पडला अन् अंडेवाली टुणकन मागं सरकून झाडाच्या मुळाशी जाऊन बसली.

वहिनी पिठाच्या हातानं बाहेर आली.

"भाऊजी, आता कोणावर ओरडले?"

"मी नाई ओरडलो, वहिनी," म्हणलं.