म्हशीचं औषध

"आधी सर्टिफिकेट द्या, डॉक्टर. विषबाधा झाली म्हणून. मी पोलिसांत जातोय."

साळवी बोलत होते आणि टेबलावर त्यांची मांजर चिंगी थरथरत होती. तोंडातून लाळेची धार. नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. नवघरमधला माझा दवाखाना नवा होता.

"काय खाल्लं हिने?"

"समोरच्या फ्लॅटवाल्याला विचारा. त्याचाच हात आहे यात."

मी डोळ्यांत बॅटरी मारली. बाहुल्या दोऱ्यासारख्या बारीक. पायांचे स्नायू आपोआप उडत होते. म्हणजे कीटकनाशक. त्याने ग्रंथी आणि स्नायू थांबायचं नावच घेत नाहीत. लाळ वाहत राहते, छातीत पाणी भरतं आणि जनावर गुदमरतं. त्यावर उतारा अ‍ॅट्रोपिन. ते मी लगेच शिरेत दिलं. पण विष कुठून गेलं ते कळायला हवं होतं.

"घरात ढेकणांचं औषध मारलंत?"

"छे!"

"झुरळांचं?"

"तुम्ही त्याची बाजू घेताय का, डॉक्टर?"

"साळवी, मी मांजरीची बाजू घेतेय!"

साळवी वहिनी कोपऱ्यात उभ्या होत्या. मी छाती तपासायला वाकले, तर केसांना रॉकेलसारखा उग्र वास.

"अंगाला काय लावलंत?"

"ते होय?" साळवी म्हणाले. "पिसवांचं औषध. पेणकरपाड्याच्या तबेल्यातून आणलं. म्हशींना लावतात. मीच चोळलं सकाळी."

"पाणी किती घातलंत?"

"पाणी कशाला? कडक नको का?"

मला हसावं की ओरडावं कळेना. मांजर दिवसभर अंग चाटते. जे अंगावर, ते पोटात. शिवाय कातडीतून जातं ते वेगळंच.

"तेच विष आहे, साळवी."

"विष कसं असेल? औषध आहे ते!"

वहिनींनी पदर खोचला. "तुम्ही बाहेर बसा," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

वहिनी आणि मी, दोघींनी हातमोजे घालून चिंगीला साबणाने तीनदा धुतलं आणि गरम टॉवेलात गुंडाळलं. अ‍ॅट्रोपिन पुन्हा दिलं, मग आणखी एकदा. दुपारपर्यंत लाळ आटली. श्वास मोकळा झाला. तिसऱ्या दिवशी तिने माझ्या हातावर ओरखडा काढला, तेव्हा मी तिला घरी सोडलं.

त्यानंतर मी कुणाला "विष काय खाल्लं?" असं विचारलं नाही. "औषध कुठलं लावलंत?" असं विचारते. लोक अभिमानाने सांगतात.